लिनक्सवरून विंडोजसाठी संगीत-सॉफ्टवेअर क्रॉस-कंपाइल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुमच्याकडे डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा आहे, एखादा मुक्त-स्रोत ऑडिओ प्रकल्प तुम्ही लिनक्सवर व्यवस्थित कंपाइल करता, आणि आता तोच प्रोग्राम विंडोज वापरणाऱ्या वादकांच्या, विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचा आहे, असं गृहीत धरून ही उत्तरं लिहिली आहेत. सी आणि सी++ जुजबी येत असलं तरी पुरे.

क्रॉस-कंपाइल म्हणजे नेमकं काय?

एका ऑपरेटिंग सिस्टिमवर बसून दुसरीवर चालणारा प्रोग्राम तयार करणं. लिनक्सचा नेहमीचा कंपायलर जीसीसी ईएलएफ स्वरूपाची, म्हणजे लिनक्सवर चालणारी, फाइल काढतो. मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या विंडोजसाठी बांधणाऱ्या साधनसंचासोबत येणारा जीसीसी चालतो लिनक्सवरच, पण त्यातून निघते विंडोजची ईएक्सई किंवा डीएलएल. सोर्स तोच राहतो, कंपायलर बदलतो आणि त्याच्याबरोबर लायब्ररींचा अख्खा संच बदलतो. बहुतेकांची गाडी अडते ती या तिसऱ्या गोष्टीपाशी. लिबस्नडफाइल (ऑडिओ फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी), एफएफटीडब्ल्यू (फूरिये रूपांतरासाठी), क्यूटी (खिडक्या-बटणांसाठी), सगळ्यांच्या विंडोज आवृत्त्या लागतात. लिनक्सवर बसवलेल्या लायब्ररींचा इथे काडीचा उपयोग नाही.

ऑटोटूल्स (आधी कॉन्फिगर, मग मेक चालवून बांधण्याची पद्धत) वापरणाऱ्या प्रकल्पात 'बिल्ड', 'होस्ट' आणि 'टार्गेट' असे तीन शब्द भेटतील. ज्या मशीनवर कंपाइल चाललंय ते बिल्ड. तयार प्रोग्राम जिथे चालणार ते होस्ट. टार्गेट फक्त कंपायलर बांधणाऱ्यांच्या कामाचं, तुम्ही त्याला हात लावू नका. विंडोजचं नाव होस्टमध्येच द्यायचं असतं.

सरळ विंडोजवरच का कंपाइल करू नये?

करावं की. एकट्यापुरतं एखादं प्लगइन हवं असेल तर विंडोजवर एमएसवायएस२ (मिंगडब्ल्यू आणि तयार लायब्ररींचा विंडोजवरचा संच) बसवा, तासाभरात काम होईल. ऑडॅसिटीसारखा मोठा प्रकल्प विंडोजची आवृत्ती विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच कंपायलरने बांधतो आणि त्यात काही वावगं नाही.

पण संगीताच्या मुक्त सॉफ्टवेअरची घडण पुष्कळदा लिनक्सवर झालेली आहे. डेव्हलपर लिनक्सवर, सर्व्हर लिनक्सवर, आणि वापरणारे मात्र विंडोजवर. अशा वेळी एक स्क्रिप्ट, एक कंटेनर (मशीनवरच वेगळं राहणारं स्वच्छ लिनक्स), आणि एका कमांडीत दोन्हीकडची फाइल तयार, यासारखं सुख नाही. आर्डर या रेकॉर्डिंग प्रोग्रामची विंडोज आवृत्ती डेबियनवर मिंगडब्ल्यूने बांधली जाते. २०१६ साली आलेल्या ५.० आवृत्तीपासून विंडोजला अधिकृत पाठिंबा मिळाला. एलएमएमएस या संगीतरचनेच्या प्रोग्रामचे विंडोज इन्स्टॉलरही वर्षानुवर्षं लिनक्सवरच तयार होत आले.

याचं एखादं उदाहरण आहे का, ज्यातून खरंच काही शिकता येईल?

लिलीपाँड. माझ्या मते या विषयाचा सगळ्यात चांगला धडा तोच.

लिलीपाँड हा मजकुरातून स्टाफ नोटेशन छापणारा प्रोग्राम. १९९६ साली हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी तो सुरू केला. त्यांनी पुढे 'ग्रँड युनिफाइड बिल्डर', म्हणजे गब, नावाचं स्वतंत्र साधन तयार केलं. एका लिनक्स मशीनवर गब चालवायचा, तो आधी स्वतःचे क्रॉस-कंपायलर बांधणार, मग गाइल, पँगो, फॉन्टकॉन्फिग, घोस्टस्क्रिप्ट असा सगळा गोतावळा, आणि शेवटी लिनक्स, फ्रीबीएसडी, विंडोज आणि मॅक या सगळ्यांसाठी लिलीपाँडचे इन्स्टॉलर. त्या काळात ही थक्क करणारी गोष्ट होती. विंडोजवरच्या संगीत शिक्षकाला कंपायलर हा शब्दही माहीत नसताना डबल-क्लिक करून लिलीपाँड मिळत होता, तो गबमुळे.

मग वर्षं गेली. गबचे अंतरंग जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. सुरुवातीपासून बांधायला कित्येक तास लागत, मध्येच काही अडलं तर ते का अडलं हे शोधणं आणखी अवघड. त्यातून निघणारा मॅकचा प्रोग्राम ३२ बिटचा होता. २०१९ साली मॅकओएस कॅटालिना आली आणि तिने ३२ बिट प्रोग्राम चालवणंच बंद केलं. नवीन मॅक घेतलेल्यांना अधिकृत डाउनलोडचा काही उपयोग राहिला नाही. विंडोजवरही २.२२ पर्यंत ३२ बिटच होतं, त्यामुळे मोठ्या ऑर्केस्ट्राचा स्कोअर मेमरीच्या मर्यादेवर आपटायचा.

६४ बिटला जाणं म्हणजे एक स्विच फिरवणं नव्हतं. लिलीपाँडच्या पोटात गाइल ही स्कीम भाषा आहे आणि तिच्या कोडमध्ये काही ठिकाणी 'लाँग' हा पूर्णांक पॉइंटरएवढा असतो असं धरलेलं होतं. लिनक्सवर ते खरं आहे, ६४ बिट विंडोजवर नाही. हे दुरुस्त करावं लागलं. शेवटी गब बाजूला ठेवून सोर्सच्याच झाडात बांधणीच्या सुटसुटीत पायथन स्क्रिप्ट आल्या. त्या अवलंबित लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्याच फाइलीत मिसळून, बांधतात, आणि विंडोजची आवृत्ती आजही लिनक्सवरूनच मिंगडब्ल्यूने काढतात. डिसेंबर २०२२ मधली २.२४ ही या नव्या पद्धतीची पहिली स्थिर आवृत्ती, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे ६४ बिट.

इथून घ्यायचं ते असं: ईएक्सई निघाली म्हणजे काम झालं असं नाही. बांधणीची कृती प्रकल्पातल्या कुठल्याही नव्या माणसाला वाचता, चालवता आणि दुरुस्त करता आली पाहिजे. पुढचं जवळजवळ प्रत्येक उत्तर मी याच कसोटीवर दिलं आहे.

काय काय बसवावं लागेल?

डेबियन-उबुंटूवर 'मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४' हे पॅकेज. त्यात कंपायलर आणि लिंकर येतात, पण ऑडिओ लायब्ररी जवळजवळ नाहीतच. फेडोरात मात्र विंडोजसाठी आधीच बांधलेल्या लायब्ररींची पॅकेजं भरपूर आहेत, त्यामुळे सुरुवात तिथे सोपी जाते. तिसरा मार्ग एमएक्सई. तो मेकच्या साहाय्याने हव्या त्या लायब्ररी सोर्सपासून बांधतो; पहिल्या वेळी रात्रभर चालू ठेवावा लागेल, नंतर वेगाने होतं.

माझा सल्ला: छोट्या प्रकल्पाला फेडोराचा कंटेनर, क्यूटी आणि डझनभर लायब्ररी असलेल्या प्रकल्पाला एमएक्सई. कुठलाही घ्या, पण कंटेनरमध्ये घ्या. स्वतःच्या रोजच्या मशीनवर लायब्ररी गोळा करत बसलात तर सहा महिन्यांनी काय कुठून आलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

कंपायलर 'पॉझिक्स' आणि 'विन३२' अशा दोन प्रकारांत दिसतो. कुठला घेऊ?

पॉझिक्स. हा फरक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं, हाताळण्याच्या पद्धतीचा. विन३२ प्रकारात सी++ चे स्टँडर्ड थ्रेड आणि म्यूटेक्स जीसीसी १३ येईपर्यंत मिळतच नव्हते, आणि ऑडिओचा प्रोग्राम थ्रेडशिवाय क्वचितच असतो. पॉझिक्स घेतलात की लिबविनपीथ्रेड ही एक डीएलएल सोबत द्यावी लागते, एवढंच.

कॉन्फिगर म्हणतं सगळं सापडलं, पण लिंक करताना एररचा पाऊस पडतो. का?

बहुतेक वेळा गुन्हेगार पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारा प्रोग्राम. तुम्ही विंडोजसाठी बांधताय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो आपल्या सवयीने लिनक्सच्या फोल्डरात बघतो, तिथली लिबस्नडफाइल दाखवतो, कॉन्फिगर खूश होतं, आणि मिंगडब्ल्यूचा लिंकर ती लिनक्सची फाइल बघून हात वर करतो.

उपाय 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर' या व्हेरिएबलमध्ये आहे. 'पाथ' असलेलं दुसरं व्हेरिएबल नेहमीच्या यादीत फक्त भर घालतं, लिबडिर मात्र जुनी यादी पुसून नवीन देतं. तुम्हाला पुसणारंच हवं. सीमेक ही बांधणीची पद्धत वापरत असाल तर टूलचेन फाइल लिहा: सिस्टिमचं नाव विंडोज, कंपायलरचा मार्ग, लायब्ररी आणि हेडर फक्त सिसरूटमध्ये (विंडोजच्या लायब्ररींच्या फोल्डरात) शोधायचे, प्रोग्राम मात्र तिथे कधीच शोधायचे नाहीत. मेसन या दुसऱ्या पद्धतीत हेच काम क्रॉस फाइल करते. ही फाइल प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत ठेवा, घरच्या डिरेक्टरीत नको.

बांधणी निम्म्यावर येऊन 'फाइल चालवता येत नाही' म्हणून थांबते. असं का?

काही प्रकल्प कंपाइल होताना मध्येच एक छोटा प्रोग्राम तयार करतात आणि लगेच चालवतात. साउंडफाँट, म्हणजे वाद्यांच्या नमुन्यांच्या फाइली, वाजवणारा फ्लुइडसिंथ घ्या. साउंडफाँटमध्ये सूर सेंटमध्ये आणि आवाज सेंटीबेलमध्ये (डेसिबलच्या दहाव्या भागात) मोजलेला असतो, त्यांचं कंपनसंख्येत आणि आवाजाच्या पातळीत रूपांतर करायला कोष्टकं लागतात. त्याच्या २.० मालिकेत ही कोष्टकं बांधणीच्या वेळीच एका मदतनीस प्रोग्रामकडून लिहून घेतली जात. हा मदतनीस विंडोजसाठी कंपाइल झाला तर लिनक्स तो चालवणार कसा? म्हणून फ्लुइडसिंथने त्याला सीमेकचा वेगळा उपप्रकल्प केलं, जो कायम बांधणाऱ्या मशीनच्याच कंपायलरने होतो. तुमच्या प्रकल्पात अशी अडचण असेल तर हीच वाट धरा.

क्यूटीचे मॉक, यूआयसी आणि आरसीसी हे मदतनीस प्रोग्राम याच जातीचे. क्यूटी ६ मध्ये तर लिनक्सवरच्या क्यूटीचा मार्ग वेगळा द्यावाच लागतो, आणि दोन्हीकडची आवृत्ती एकच ठेवा.

एक सावधगिरी. तुमच्या मशीनवर वाइन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) बसवलेलं असेल आणि लिनक्सने ईएक्सई फाइल वाइनकडे सोपवण्याची सोय चालू असेल, तर हा मदतनीस गुपचूप वाइनमधून चालून जातो. तुमच्याकडे सगळं छान, दुसऱ्याच्या स्वच्छ कंटेनरमध्ये ठप्प. बांधणी वाइन नसलेल्या जागी करा.

'विंडोज डॉट एच' सापडत नाही म्हणतं, फाइल तर समोर दिसते!

सोर्समध्ये पहिलं अक्षर कॅपिटल आहे. विंडोजला चालतं, लिनक्सच्या फाइलसिस्टिमला नाही. मिंगडब्ल्यूची हेडर लहान अक्षरांत आहेत. सोर्समध्ये बदल करून मूळ प्रकल्पाला पॅच पाठवा, सिमलिंक करून वेळ मारून नेऊ नका.

माझ्याकडे चालतं, मित्राच्या विंडोजवर 'डीएलएल सापडली नाही' येतं.

मिंगडब्ल्यूने बांधलेल्या सी++ प्रोग्रामला सहसा तीन डीएलएल लागतात: लिबजीसीसी, लिबएसटीडीसी++ आणि लिबविनपीथ्रेड. त्या विंडोजसोबत येत नाहीत. एकतर त्या ईएक्सईच्या शेजारी ठेवा, नाहीतर लिंक करताना स्टॅटिक घ्या. बाकीच्या लायब्ररींसाठी मिंगडब्ल्यूचं ऑब्जडम्प ईएक्सईवर चालवा. 'डीएलएल नेम' अशा ओळी येतील. त्यातल्या प्रत्येक डीएलएलवरही पुन्हा तेच चालवा, कारण लिबस्नडफाइलला फ्लॅक लागतं आणि फ्लॅकला ऑग लागतं, ही साखळी ईएक्सईत दिसत नाही. हे हाताने करू नका, दहा ओळींची स्क्रिप्ट लिहा.

मराठी नावाच्या फाइल उघडत नाहीत. हे कसं सुधारायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण तो आपलाच आहे. युरोपातल्या डेव्हलपरला तो दिसत नाही.

लिनक्सवर फाइलचं नाव म्हणजे बाइटची माळ, आणि ती जवळजवळ नेहमी यूटीएफ-८ असते. 'भैरवी आलाप' नावाची वेव्ह फाइल सीच्या साध्या एफओपन फंक्शनने उघडते. विंडोजमध्ये आतून नावं यूटीएफ-१६ मध्ये असतात, आणि साधा एफओपन त्या मशीनच्या 'अँसी' कोडपेजमधून, म्हणजे जुन्या मर्यादित अक्षरतक्त्यातून, नावाचं भाषांतर करतो. जपानी विंडोजचं स्वतःचं जुनं कोडपेज आहे, त्यात जपानी अक्षरं बसतात, म्हणून तिथे कामचलाऊ का होईना चालून जातं. मराठी किंवा हिंदीला विंडोजमध्ये असं कोडपेज कधी मिळालंच नाही, आपली भाषा तिथे पहिल्यापासून फक्त युनिकोडमध्ये आहे. त्यामुळे देवनागरी अक्षरांना भाषांतरात जागाच नसते, त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि फाइल सापडत नाही.

याहून वाईट प्रकार पुढे आहे. विंडोजमध्ये खातं उघडताना कुणी आपलं नाव देवनागरीत लिहिलं की होम फोल्डरचा मार्गच देवनागरी होतो. मग फाइलचं नाव इंग्रजी असो की मराठी, प्रोग्राम स्वतःची सेटिंगसुद्धा वाचू शकत नाही. सुरू होतो आणि बंद पडतो. वापरणारा म्हणतो सॉफ्टवेअर खराब आहे, आणि त्याचं बरोबर आहे.

उपाय दोन. पहिला, जिथे फाइल उघडता तिथे विंडोजसाठी रुंद अक्षरांची फंक्शन वापरा. लिबस्नडफाइलमध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन दिलेलंच आहे. काम कष्टाचं, पण सगळ्या विंडोजवर चालतं. दुसरा, ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (आत ठेवलेल्या माहितीपत्रकात) 'अ‍ॅक्टिव्ह कोडपेज यूटीएफ-८' ही नोंद टाका. मिंगडब्ल्यूच्या विंडरेसने ती लिनक्सवरूनच आत घालता येते. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून ही सोय आहे, त्याआधीचं विंडोज ती नोंद सरळ दुर्लक्षित करतं. नव्या प्रकल्पाला मी दुसरा मार्ग सुचवीन. मात्र प्लगइन लिहीत असाल तर तो उपयोगी नाही: मॅनिफेस्ट यजमान प्रोग्रामचा चालतो, तुमच्या डीएलएलचा नाही.

दीड तासाच्या पुढचं रेकॉर्डिंग विंडोजवर बिघडतं, लिनक्सवर नाही.

पुन्हा तोच 'लाँग'. ६४ बिट लिनक्सवर तो ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा. सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं एफटेल फाइलमधली जागा लाँगमध्ये सांगतं, म्हणजे विंडोजवर ते २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे मोजू शकत नाही.

आता हिशेब करा. ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, ३२ बिट फ्लोट. सेकंदाला ४८,००० गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ३,८४,००० बाइट. भागाकार केला की ५,५९२ सेकंद, सुमारे ९३ मिनिटं. पाश्चात्त्य पॉपचं गाणं चार मिनिटांत संपतं, त्यामुळे चाचणीत ही चूक वर्षानुवर्षं सापडत नाही. आपल्याकडे मैफल सलग रेकॉर्ड करायची म्हटली की विलंबित ख्याल, द्रुत आणि मधली एखादी ठुमरी होईपर्यंत ही मर्यादा ओलांडलेली असते.

कंपाइल करताना फाइल ऑफसेट ६४ बिटचा धरण्याचा मॅक्रो द्या, मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ तो मानतं. त्यासोबत एफटेल आणि एफसीकच्या जागी ऑफ_टी वापरणारी एफटेलो आणि एफसीको घ्या. आणि कोडमध्ये जिथे जिथे सॅम्पलची संख्या लाँगमध्ये ठेवलीय तिथे ठरावीक ६४ बिटचा प्रकार लिहा. शिवाय साध्या वेव्ह फाइलची स्वतःची मर्यादा ४ जीबी, वरच्या हिशेबात सुमारे ३ तास ६ मिनिटं. त्यापुढे आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ स्वरूप घ्या.

मिडी फाइल सेव्ह होते, पण दुसरीकडे उघडत नाही.

फाइल उघडताना बायनरी मोड दिलेला नाही. लिनक्सला फरक पडत नाही. विंडोज मात्र टेक्स्ट मोडमध्ये १० किमतीचा प्रत्येक बाइट नव्या ओळीची खूण समजून त्याआधी १३ किमतीचा बाइट घुसडतं. मिडीत १० म्हणजे एखादा वेगळाच आकडा असतो, पॅनचा कंट्रोलर नंबरसुद्धा १० आहे. वाचताना २६ किमतीचा बाइट आला की फाइल संपली असं धरतं. एक 'बी' लिहा, प्रश्न मिटतो.

आवाजासाठी कुठलं बॅकएंड घेऊ? एएसआयओ देता येईल का?

लिनक्सच्या आवाजव्यवस्था अल्सा आणि पाइपवायर विंडोजवर नाहीत. पोर्टऑडिओ किंवा आरटीऑडिओ ही लायब्ररी वापरलीत तर वासापी, डायरेक्टसाउंड वगैरे विंडोजचे आवाजाचे सगळे मार्ग एकाच दारातून मिळतात. वासापी व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये आहे, म्हणून तेच मूलभूत ठेवा.

एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीची कमी विलंबाची ड्रायव्हर-पद्धत. तिचा अडसर तांत्रिक नव्हता, परवान्याचा होता. स्टाइनबर्गच्या एसडीकेचा (डेव्हलपरसाठीच्या कोडसंचाचा) परवाना जीपीएल या मुक्त परवान्याशी जुळत नसे, त्यामुळे मुक्त प्रकल्प एएसआयओसकट तयार ईएक्सई वाटू शकत नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गने एएसआयओ जीपीएल ३ खाली आणि व्हीएसटी ३ या प्लगइन-पद्धतीचा एसडीके एमआयटी परवान्याखाली खुला केला. ही फार मोठी गोष्ट झाली. तरी एक बघून घ्या: तुमचा प्रकल्प 'फक्त जीपीएल २' असेल तर जीपीएल ३ चा कोड त्यात मिसळता येत नाही. 'जीपीएल २ किंवा त्यापुढचा' असेल तर हरकत नाही. व्हीएसटी २ चे नवे परवाने २०१८ मध्येच बंद झाले, त्याच्या वाटेला नव्याने जाऊ नका.

लेहऱ्याचा प्रोग्राम विंडोजवर लयीत राहत नाही.

ठोके मोजायला 'स्लीप' वापरलंय का? विंडोजचं घड्याळ सुरुवातीच्या सेटिंगला सुमारे १५.६ मिलिसेकंदांनी पुढे सरकतं. द्रुत तीनतालात मात्रा २५० मिलिसेकंदांची धरली तर एवढी हालचाल तबलजीच्या कानाला लगेच खटकते. टायमरची बारकाई वाढवता येते, पण खरा उपाय वेगळा आहे: लय सॅम्पल मोजून ठरवा. ४८ किलोहर्ट्झला २५० मिलिसेकंद म्हणजे बरोबर १२,००० सॅम्पल. ऑडिओ कॉलबॅकमध्येच ते मोजलेत तर लय साउंडकार्डच्या घड्याळावर चालते, आणि लिनक्स-विंडोज हा भेदच उरत नाही.

शिवाय लिनक्सवर ऑडिओ थ्रेडला रिअलटाइम प्राधान्य देण्याची जी ओळ आहे ती विंडोजवर काही करत नाही. तिथे एमएमसीएसएस या विंडोजच्या सेवेकडे 'प्रो ऑडिओ' म्हणून थ्रेडची नोंद करावी लागते.

एव्हीएक्स चालू केलं की प्रोग्राम क्रॅश होतो.

एव्हीएक्स म्हणजे एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या प्रोसेसर-सूचना. जीसीसीतली ही जुनी आणि नामांकित अडचण आहे. एव्हीएक्सला स्टॅकवर ३२ बाइटची मांडणी लागते, ६४ बिट विंडोज १६ बाइटचीच हमी देतं, आणि जीसीसीने तिथे वर्षानुवर्षं चुकीचं गृहीत धरलं. कधी चालतं, कधी कोसळतं, म्हणून शोधायला त्रास होतो. विंडोजच्या बांधणीत एसएसई२ या जुन्या सूचनांवर थांबा, किंवा क्लँगवर आधारित एलएलव्हीएम-मिंगडब्ल्यू वापरा.

वाइनमध्ये चाललं म्हणजे पुरे का?

नाही. वाइन पहिल्या चाळणीसाठी उत्तम: डीएलएल राहिली का, प्रोग्राम उघडतो का, स्वयंचलित चाचण्या पार होतात का, हे सगळं लिनक्सवरच कळतं. पण वाइनच्या खाली लिनक्सचीच फाइलसिस्टिम आणि लिनक्सचाच आवाज आहे. लेटन्सी (आवाजाचा विलंब), यूएसबी मिडी कीबोर्ड मध्येच काढून पुन्हा लावणं, ब्लूटूथ हेडफोन, देवनागरी खातं, यांची परीक्षा खऱ्या विंडोजवरच होते. प्रकाशनाआधी एक तरी खरं मशीन हवंच, आणि शक्यतो ते जुनं, ४ जीबी मेमरीचं असावं, कारण संगीत वर्गांमधून अजून तसलीच मशीन आहेत.

इन्स्टॉलर आणि सही यांचं काय?

इन्स्टॉलरसाठी एनएसआयएस. ते लिनक्सवर चालतं आणि विंडोजचा इन्स्टॉलर काढतं. विनअ‍ॅम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टमध्येच ते जन्मलं, म्हणजे त्याचं मूळही संगीताच्याच घरातलं.

डिजिटल सही नसलेल्या फाइलवर विंडोजचं स्मार्टस्क्रीन इशारा देतं आणि बरेच लोक तिथूनच मागे फिरतात. ओएसएसएलसाइनकोड या साधनाने लिनक्सवरून सही करता येते, पण जून २०२३ पासून सहीची गुप्त किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे खर्च वाढला. मुक्त प्रकल्पांना मोफत सही देणारं साइनपाथ फाउंडेशन आहे, तिथे अर्ज करा. तोवर निदान चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) प्रसिद्ध करा.

मॅकसाठीही लिनक्सवरून जमेल का?

ओएसएक्सक्रॉस नावाचं साधन आहे आणि ते चालतं. पण त्याला एक्सकोडमधला एसडीके लागतो आणि अ‍ॅपलचा परवाना तो अ‍ॅपलच्याच यंत्रावर वापरायला सांगतो. शिवाय कॅटालिनापासून नोटरायझेशन, म्हणजे कंपनीकडून प्रोग्रामची तपासणी, सक्तीचं झालं, एम१ नंतरच्या मॅकवर निदान तात्पुरती सही नसेल तर प्रोग्राम सुरूच होत नाही, आणि डेव्हलपर खात्याचे वर्षाला ९९ डॉलर वेगळे. मी मॅकची आवृत्ती मॅकवरच, सीआय (आपोआप बांधणी करणाऱ्या) सेवेच्या भाड्याच्या मशीनवर बांधायला सांगेन. लिलीपाँडनेही तोच रस्ता घेतला.

जीपीएलचा प्रोग्राम बांधून वाटला तर माझ्यावर काय जबाबदारी येते?

ईएक्सई ज्याला दिली त्याला त्याच आवृत्तीचा सोर्स मिळण्याची सोय करावी लागते. 'मूळ प्रकल्पाच्या साइटवर आहे' हे पुरेसं नाही, विशेषतः तुम्ही एखादा पॅच लावला असेल तर. आणि जीपीएल २ पासूनच सोर्सच्या व्याख्येत कंपाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टही येतात. म्हणजे तुमची टूलचेन फाइल, डॉकरफाइल, डीएलएल गोळा करणारी स्क्रिप्ट हे सगळं द्यायचं. सोबतच्या डीएलएलचे परवानेही फोल्डरात ठेवा.

मला कोड येत नाही, पण मदत करायची आहे.

विंडोज मशीन असेल तर तुमची गरज डेव्हलपरपेक्षा जास्त आहे. मशीनवर देवनागरी नावाचं एक वेगळं खातं उघडा आणि प्रकल्पाची चाचणी आवृत्ती तिथे चालवा. देवनागरी नावाची फाइल उघडा, सेव्ह करा, निर्यात करा. दोन तासांचं रेकॉर्डिंग करून ते शेवटापर्यंत वाजवून बघा. लिलीपाँड असेल तर गीताच्या ओळी मराठीत लिहून जोडाक्षरं आणि वेलांट्या पीडीएफमध्ये जागच्या जागी येतात का ते पाहा. पहिल्यांदा सुरू करताना तो फॉन्टची यादी तयार करतो, त्यात वेळ जातो, त्याला बिघाड समजू नका.

काही चुकलं तर कळवताना पाच गोष्टी लिहा: विंडोजची आवृत्ती, 'विनव्हर' चालवलं की दिसणाऱ्या बिल्ड क्रमांकासकट, प्रोग्रामची नेमकी आवृत्ती आणि ती कुठून घेतली, साउंडकार्ड किंवा यूएसबी इंटरफेसचं नाव, बफर आणि सॅम्पल रेट, आणि खात्याच्या किंवा फोल्डरच्या नावात देवनागरी आहे का. शेवटची गोष्ट डेव्हलपर कधीच विचारत नाहीत, म्हणून ती आपण होऊन सांगा.